जिग पडतो तेव्हा: वॉलआय आणि कोकॅनीसाठी जिगिंग

जिग म्हणजे वजन जोडलेला गळ किंवा गळ लावलेला धातूचा तुकडा; तो पाण्यात वर-खाली नाचवून मासा धरणे म्हणजे जिगिंग. ते शिकणाऱ्याचे सगळे लक्ष रॉड (गळाची काठी) वर कसा उचलायचा याकडे असते. मासा मात्र बहुतेक वेळा जिग खाली पडत असताना तोंड मारतो. वर उचलायचे ते पुन्हा पडायला उंची मिळावी म्हणून, आणि दुरून माशाचे लक्ष जावे म्हणून. त्यामुळे वजन, दोरी, रॉड, गळ यांतले काहीही निवडताना दोनच प्रश्न विचारायचे: जिग किती वेगाने पडणार, आणि पडताना तो कुठे आहे हे हाताला कळणार का?

वॉलआय आणि कोकॅनी हे दोन्ही उत्तर अमेरिकेतले गोड्या पाण्याचे मासे, पण स्वभावाने दोन टोकांचे. वॉलआय पर्च कुळातला, तळाशी राहणारा शिकारी. त्याच्या डोळ्यांत प्रकाश परावर्तित करणारा थर असतो, म्हणून पहाटे, तिन्हीसांजेला, गढूळ पाण्यात किंवा वाऱ्याने लाटा उठल्यावर त्याला भक्ष्यापेक्षा चांगले दिसते आणि तो तेव्हाच खायला निघतो. कोकॅनी म्हणजे समुद्रात न जाता तळ्यातच आयुष्य काढणारा सॉकाय सॅमन. तो थंड, खोल पाण्यात मध्येच थवा करून तरंगतो, सूक्ष्म प्राणीप्लवक खातो आणि साधारण तीन-चार वर्षांचा झाला की अंडी घालून मरतो. बहुतेक ठिकाणी तो १० ते १६ इंचांचा असतो. वॉलआयला जिग म्हणजे जखमी मासा वाटतो. कोकॅनी लहान मासे फारसे खातच नाही, त्यामुळे तो धातूच्या तुकड्यावर तुटून पडतो ते भुकेपेक्षा डिवचला गेल्यामुळे, असेच बहुतेक जाणकार मानतात.

दोन्ही एकाच पाण्यात हवे असतील तर वॉशिंग्टन राज्यातला लेक रूझवेल्ट आहे. कोलंबिया नदीवरच्या ग्रँड कूली धरणामुळे झालेला हा जलाशय सिएटलहून गाडीने साधारण चार तासांवर आहे. मिनेसोटात वॉलआय १९६५ पासून राज्याचा मासा आहे; तिथली तळी, लेक एरी आणि डेट्रॉइट नदी ही त्याची नावाजलेली ठिकाणे. जिगने कोकॅनी धरायचा तर ऑरेगनमधले ओडेल तळे.

सामान

वॉलआयसाठी ६ ते ७ फुटी स्पिनिंग रॉड, ताकद मीडियम-लाइट किंवा मीडियम, टोक मात्र फास्ट. म्हणजे टोकाकडचा भागच वाकला पाहिजे, मधला कणा ताठ हवा. रील (दोरी गुंडाळायची चरखी) २००० किंवा २५०० आकाराचे. मुख्य दोरी ८ ते १० पौंड ताण सोसणारी ब्रेड (विणलेली दोरी), तिला पुढे २ ते ३ फूट फ्लोरोकार्बनचा (एक प्लास्टिक) लीडर, म्हणजे टोकाचा वेगळा दोर, ८ ते १० पौंडांचा. ब्रेड ताणली जात नाही, म्हणून ३० फुटांखालची टकटक हातापर्यंत येते. नायलॉनचे तंगूस तेवढ्या लांबीवर इतके ताणले जाते की माशाने तोंड मारल्याचे कळेपर्यंत तो जिग थुंकून मोकळा झालेला असतो. ब्रेड आणि लीडर डबल युनी गाठीने जोडा. गाठ आवळण्यापूर्वी ओली करा, नाहीतर घर्षणाने फ्लोरोकार्बन कमजोर होतो.

कोकॅनीसाठी ब्रेड तीच चालते, रॉड मऊ हवा: ६.५ ते ७.५ फुटी, लाइट किंवा मीडियम-लाइट, मध्यापर्यंत वाकणारा. या माशाचे तोंड कागदासारखे फाटते. ब्रेड ताणली जाणार नाही, ताठ रॉड वाकणार नाही, मग माशाच्या पहिल्याच उसळीला गळाचे भोक मोठे होते आणि मासा जातो. लीडर ६ ते ८ पौंडांचा, ३ ते ४ फूट, आणि ब्रेड-लीडरच्या जोडावर एक लहान स्विव्हल (फिरती कडी). कोकॅनीचे बरेचसे जिग पडताना गरगरतात. स्विव्हल नसेल तर तासाभरात दोरीला पीळ बसून रॉडच्या टोकाशी गुंता होतो.

वजन

स्थिर पाण्यात वॉलआयसाठी दर १० फूट खोलीला १/८ औंस (एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम) हा जुना आणि भरवशाचा हिशेब. १० फुटांना १/८, २० फुटांना पाव औंस. वारा असेल तर एक पायरी वर जा. नदीत हा हिशेब मोडतो; डेट्रॉइट नदीत २० ते ३० फुटांवर अर्धा ते पाऊण औंस लागतो, ओढ जास्त असेल तर त्याहूनही अधिक.

नवखे लोक बहुधा वजन कमी घेतात, कारण हलका जिग हळू पडतो आणि तो माशाला आवडतो असे कुठेतरी ऐकलेले असते. ते खरेही आहे, पण तळ हाताला कळत असेल तरच. जिग तळाला टेकल्याचे कळत नसेल तर तो तळापासून चार फूट वर वाहत चालला आहे असे समजा, आणि वॉलआय तिथे नाही. उलट चूक अतिजड जिगची: तो दगडासारखा पडतो, माशाने पाण्यासकट आत ओढला तरी तोंडात पुरता जात नाही, आणि फक्त शेपटी तुटलेले आमिष वर येते. म्हणून सुरुवात तळ स्पष्ट कळेल अशा वजनाने करा आणि मग एकेक पायरी खाली या.

कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत ५० ग्रॅमपेक्षा हलके शिशाचे जिग आणि वजने वापरता येत नाहीत, आणि अमेरिकेतही काही तळ्यांवर तसे निर्बंध आहेत, कारण लून पक्षी ती गिळून विषबाधेने मरतात. त्याऐवजी टंगस्टन धातूचा जिग महाग पडतो, पण त्याच वजनात आकार लहान असतो आणि तळाचा पोत जास्त स्पष्ट कळतो. वाळू कुठे संपली आणि गोटे कुठे सुरू झाले हे हाताला समजते, आणि वॉलआय बहुतेकदा त्याच हद्दीवर असतो.

वॉलआय: दोरी सरळ ठेवणे

नदीतल्या उभ्या जिगिंगमध्ये हाताइतकेच काम बोटीचे. बोट प्रवाहाच्याच वेगाने खाली वाहत गेली पाहिजे, म्हणजे दोरी रॉडच्या टोकापासून सरळ खाली जाईल. वारा बोटीला प्रवाहापेक्षा वेगाने ढकलतो किंवा अडवतो. ती चूक पुढच्या टोकाच्या इलेक्ट्रिक मोटरने सतत दुरुस्त करायची. नियम सोपा आहे: दोरी ज्या बाजूला तिरकी जाते त्या बाजूला बोट न्या, ती सरळ होईपर्यंत. दोरी ३० अंशांहून जास्त तिरकी झाली की जिगिंग थांबते आणि नुसते फरफटवणे सुरू होते.

हाताची हालचाल अशी. जिग तळाला टेकवा. दोरी ताठ करून ३ ते ६ इंच वर घ्या आणि दोन-तीन सेकंद स्थिर धरा. मग मनगटाने ६ ते १० इंच उचला आणि रॉडचे टोक जिगच्या वेगानेच खाली आणा. दोरी ना ताणलेली, ना ढिली, नुसती सरळ. टोक आधी खाली गेले तर दोरीला झोळ पडतो आणि मार, म्हणजे माशाने तोंड मारलेले, कळत नाही. टोक मागे राहिले तर जिग लंबकासारखा झुलत येतो, पडत नाही. दर काही सेकंदांनी पुन्हा तळ शोधा, कारण खोली बदलत असते. कोकणात खाडीत हातदोरीने गरवलेल्यांना हे जड जात नाही; शिसे चिखलात बसले की खडकावर, हे ओळखणारे बोट तयारच असते.

मार तीन रूपांत येतो. एक, स्पष्ट ‘टक्’. दोन, जिग नेहमीपेक्षा आधीच थांबतो: तळ १८ फुटांवर आणि दोरी १६ वर ढिली पडली, तर मध्ये मासा आहे. तीन, उचलताना ओला चिंधा लटकावा तसे वजन लागते. वॉलआय आमिष चावत नाही, तोंड आणि कल्ले एकदम उघडून पाण्याबरोबर आत ओढतो, म्हणून हा तिसरा प्रकार फार वेळा येतो आणि फार वेळा हुकतो. शंका आली की गळ रुतवायला रॉडला झटका द्या. फुकट गेलेल्या झटक्याचा खर्च काहीच नाही.

पाण्याचे तापमान हालचाल ठरवते. ४० ते ५० अंश फॅरनहाइटला (सुमारे ४ ते १० सेल्सिअस), म्हणजे वसंतात अंडी घालण्याच्या आगेमागे, मासा आळशी असतो. तेव्हा उचल ४ ते ६ इंच, थांबा लांब, आमिष जिवंत छोटा मासा. ६० अंशांवर गेले की झटकेदार उचल आणि रबरी आमिष जास्त चालते.

छोटा मासा जिगवर लावताना गळ त्याच्या तोंडातून घालून कल्ल्यातून बाहेर काढा, मग अर्धा वळसा देऊन पाठीतून, कण्याच्या वरून पार करा. असा लावलेला मासा फेकताना निसटत नाही. शेपट्याच कुरतडल्या जात असतील तर १० किंवा १२ नंबरचा छोटा तिहेरी गळ दोन-अडीच इंच तंगुसावर मागे जोडा आणि तो आमिषाच्या शेपटीजवळ अडकवा किंवा मोकळा सोडा. दिवसभर तो लावून ठेवू नका. तळाच्या काटक्या तोच गोळा करतो. वॉशिंग्टन राज्यात जिवंत मासा आमिष म्हणून चालत नाही. तिथे ३ ते ४ इंची रबरी मासा किंवा गांडूळ.

रबरी आमिष गळावर सरळ बसले पाहिजे. गळाचे टोक कुठून बाहेर येणार ती जागा आधी शेजारी धरून मोजा. थोडे जरी वाकडे बसले तरी पडताना ते गरगरते, आणि वॉलआय त्याला हात लावत नाही. रंगाबद्दल वाद फार आणि निष्कर्ष थोडे. पाणी चहासारखे तांबूस असेल तर सोनेरी आणि नारिंगी, गढूळ-हिरवट असेल तर शार्त्र्यूज म्हणजे पोपटी-पिवळा, स्वच्छ असेल तर पांढरा, चंदेरी किंवा नैसर्गिक. अर्ध्या तासात काही झाले नाही तर आधी जागा बदला, मग वजन, रंग सर्वांत शेवटी. दुकानातली भिंत मात्र रंगांवरच उभी असते.

दोन वेगळे जिग

रापाला कंपनीचा जिगिंग रॅप मुळात बर्फातल्या मासेमारीसाठीचा, पण आता उघड्या पाण्यात, विशेषतः उन्हाळ्यात, तो सर्रास वापरतात. १२ ते २५ फुटांना ७ नंबरचा, त्याहून खोल ९ नंबरचा. त्याच्या शेपटीला प्लास्टिकचा पंख असतो, त्यामुळे तो सरळ न पडता बाजूला घसरत जातो. इथे वरची ताठ दोरीची शिस्त उलटी करावी लागते. रॉड झटक्याने दोन-तीन फूट उचला आणि लगेच टोक खाली टाकून दोरी पूर्ण ढिली सोडा. दोरी ताठ ठेवली तर पंख काम करत नाही. मार जाणवणार नाही; पुढच्या झटक्याला मासा लागलेलाच असेल. तळावर एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका. पंख तुटला की तो जिग निकामी झाला समजा. सुपरग्लूचा एक थेंब आधीच लावून ठेवणारे शहाणे.

ब्लेड बेट म्हणजे धातूची पातळ पाती, पोटात शिसे, पाठीवर दोन-तीन भोके. पुढच्या भोकात अडकवली तर बारीक, वेगवान थरथर. मागच्या भोकात अडकवली तर रुंद हेलकावे. भोकाची कड धारदार असते, दोरी थेट बांधू नका, लहान स्नॅप (उघडझाप करता येणारी कडी) लावा. उचल फक्त थरथर हाताला लागेपर्यंत, की लगेच खाली. फूटभर पुरे. थंड पाण्यात ही पाती रबरापेक्षा जास्त मासे काढते, आणि जास्त अडकतेही.

कोकॅनी: खोलीचा हिशेब

इथे तळ विसरायचा. कोकॅनी ५० ते ५५ अंश फॅरनहाइट (१० ते १३ सेल्सिअस) पाण्याच्या थरात राहतो. वसंतात तो थर वरच असतो, उन्हाळा चढला की ५० ते १०० फूट खाली जातो. पहाटे मासे वर असतात, ऊन चढले की खाली सरकतात. म्हणून फिश फाइंडरशिवाय (पाण्यात ध्वनिलहरी सोडून मासे पडद्यावर दाखवणारे यंत्र) जिगिंग म्हणजे आंधळी कोशिंबीर. पडद्यावर थवा ढगासारखा दिसतो. यंत्राच्या लहरींचा शंकू २० अंशांचा असेल तर ६० फुटांवर तो साधारण २१ फूट व्यासाचे वर्तुळ दाखवतो. पडद्यावर दिसलेला थवा बोटीच्या बरोबर खाली असेलच असे नाही. थवा दाट आणि जागेवर असला तरच थांबा. पांगलेला असेल तर ट्रोलिंग (चालत्या बोटीमागे आमिष ओढत नेणे) करणारे तुमच्यापेक्षा जास्त मासे नेतील. जिगिंगचे उत्तम दिवस वसंतात आणि मग उन्हाळ्याच्या अखेरीस, मासे अंडी घालण्यापूर्वी एकवटतात तेव्हा.

जिग ४० फुटांपर्यंत अर्धा औंस, त्याखाली पाऊण ते दीड औंस. गिब्ज मिनो, नॉर्डिक, बझ बॉम्ब, स्वीडिश पिंपल, क्रिपल्ड हेरिंग ही दुकानात हमखास मिळणारी नावे. गिब्ज मिनो मऊ असतो, बोटांनी किंचित वाकवला की पडताना जास्त डुलतो. जास्त वाकवला तर नुसता फिरतो. बझ बॉम्ब दोरीवर सरकता असतो: दोरी त्याच्या पोटातून ओवून, मग रबरी मणी आणि त्याखाली गळ बांधतात. रबरी मणी विसरला तर धातू थेट गाठीवर आपटत राहतो आणि एका चांगल्या माशाला गाठ सुटते.

खोली मोजायची सर्वांत सोपी रीत: रीलपासून रॉडवरच्या पहिल्या कडीपर्यंत हाताने दोरी ओढा. ते अंतर बहुतेक रॉडवर दोन फुटांच्या आसपास असते. एकदा टेपने मोजून ठेवा. दोन फूट आले तर ३० ओढी म्हणजे ६० फूट. दर १० फुटांना रंग बदलणारी ब्रेड मिळते, ती त्याहून सोयीची. थवा ६० ते ७० वर असेल तर जिग ५५ ते ६० वर ठेवा. कोकॅनी वर पाहून वर येतो. थव्याच्या खाली गेलेला जिग वाया जातो.

१ ते २ फूट चटकन उचला आणि जिग जवळजवळ मोकळा, पण दोरीवर नजर ठेवता येईल इतपत ताणाने पडू द्या. फडफडत पडला पाहिजे. पूर्ण ताठ धरलात तर फडफड मरते. पडताना दोरी मध्येच थबकली, बाजूला सरकली किंवा ढिली पडली की रॉड वर घ्या. झटका छोटा, मनगटाचा. वॉलआयला देतो तसा खांद्यातून दिलेला झटका इथे ओठ घेऊन वर येतो.

गळावर पांढऱ्या शूपेग मक्याचा एक दाणा लावतात. डबाबंद मका आदल्या रात्री लसणाच्या किंवा ट्यूनाच्या तेलात भिजवून ठेवा. एकच दाणा. तीन-चार दाण्यांनी जिगचे पडणेच बिघडते. मका सगळीकडे आमिष म्हणून चालत नाही, आणि पाण्यात मका टाकून मासे गोळा करणे अनेक ठिकाणी गुन्हा आहे; त्या राज्याची चालू नियमपुस्तिका पाहून मगच. खोल पाण्यात चमकणारा जिग अतिनील टॉर्चने भारून सोडावा, चमक कमी झाली की पुन्हा.

लागलेला कोकॅनी स्वतःभोवती फिरतो, उड्या मारतो, बोटीजवळ आल्यावर पुन्हा बुडी मारतो. ड्रॅग (रीलचा दोरी रोखणारा ब्रेक) एवढा ढिला हवा की हाताने दोरी ओढली तर सहज निघावी. रील न थांबवता फिरवा, रॉड वाकलेला ठेवा, पंप करू नका, म्हणजे रॉड वर-खाली करून मासा ओढू नका. लांब दांड्याची जाळी आधी पाण्यात बुडवून ठेवा आणि मासा तिच्यावर आणा. दोरीने उचलून बोटीत घेणे म्हणजे मासा परत देणे.

मासे मिळत नसतील तर

वॉलआय पडद्यावर दिसतात पण घेत नाहीत: आधी उचल निम्मी करा, मग जिग तळावर ठेवून नुसता थरथरवा, मग बोट ३० फूट मागे नेऊन जिग फेकून त्यांच्यातून ओढा. १० फुटांपेक्षा उथळ, स्वच्छ पाण्यात बोटीखालचे मासे बिचकतात, तिथे उभे जिगिंग करूच नये. तळावर सतत अडकत असेल तर जिग जड आहे किंवा दोरी तिरकी आहे, बहुधा दुसरे. कोकॅनीचे मार लागतात पण मासे टिकत नाहीत: गळाचे टोक नखावर घासून पाहा, घसरत असेल तर बदला. टोक ठीक असेल तर ड्रॅग घट्ट आहे. थवा जिग सोडताच पांगत असेल तर आकार लहान करा आणि जिग आणखी पाच फूट वर धरा.

मासा हातात आल्यावर

वॉलआयच्या पाठीचा पंख काटेरी आणि कल्ल्याची झाकणे धारदार असतात. पोटाखालून किंवा शेपटीच्या बुडाशी ओल्या हाताने धरा. त्याची हवेची पिशवी बंद असते, खोलातून वर आणताना हवा बाहेर पडायला वाट नसते. ३० फुटांपेक्षा खोलातून काढलेला वॉलआय सोडला तरी बरेचदा मरतो. त्यामुळे ठेवायचे तेवढे मिळाले की खोल पाण्यात ‘धरू आणि सोडू’ करत बसू नका, उथळाला जा. ओडेलमध्ये बुल ट्राउट हा मासा आहे आणि तो संरक्षित आहे. खोल सोडलेल्या जिगला तो लागू शकतो. त्याला पाण्याबाहेर न काढता चिमट्याने गळ सोडवा. लेक रूझवेल्टच्या काही किनाऱ्यांवर कॉलव्हिल आणि स्पोकेन या मूळनिवासी जमातींचे वेगळे नियम लागू होतात. राज्याचा परवाना तिथे पुरत नाही.

ठेवायचा वॉलआय बर्फावर टाकला तरी चालते. मांस पांढरे, घट्ट, बिनवासाचे. रवा लावून तव्यावर तळायला याच्याइतका सोयीचा मासा तिकडच्या गोड्या पाण्यात दुसरा नाही. गालांचे दोन गोल तुकडे फेकू नका. कोकॅनीचे लाल मांस तेलकट आणि नाजूक असते, उन्हात बादलीत अर्धा तास राहिले तर पिठासारखे होते. धरताच एक टोला द्या, कल्ल्याच्या कमानी कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फ व पाण्याच्या मिश्रणात बुडवा. नुसत्या बर्फाच्या तुकड्यांत मासा एका बाजूनेच गार होतो. पाणी असले की सगळीकडून. पोट त्याच दिवशी साफ करा आणि कण्याला चिकटलेली काळपट रक्ताची रेघ चमच्याने खरवडून काढा, कडवट वास तिचाच असतो.